हरकत क्रमांक एकशे सदतीस

फॉर्मात चारच ओळी आहेत
आणि माझं म्हणणं चार ओळींत मावत नाही,
म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितो.

मी हसुराम जोमा मढवी, राहणार घणसोली गाव.
एकतीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले.
कुठल्या घरात पाहुणा आलाय, कुठल्या घरातून माणूस गेलंय,
मला आकड्यावरून कळायचं.

तुमच्या आराखड्यात खाडी फिकट निळी आहे,
कडेला हिरवा पट्टा, त्यावर लिहिलंय : मनोरंजन.
साहेब, तिथे निवट्या असतात.
कोपरापर्यंत हात चिखलात घालायचा,
बोटांशी थंडगार वळवळलं की मूठ आवळायची,
निसटली तर शिवी द्यायची. एवढंच मनोरंजन.

दुसरं. मैदानावर महोत्सव भरला, आगरी थाळी सातशे रुपये.
चांगुणा वहिनी चव घेऊन आली नि ओट्यावर बसून राहिली.
"काजू," म्हणाली. "जिताड्यान काजू घातलान, भाऊजी."
पुढे जेवली नाही.
ठेका कुणाला दिला होता ते माहितीच्या अधिकारात विचारलंय,
उत्तर आलेलं नाही.

(साडेबारा टक्क्यांचा भूखंड मीच विकला.
गाडी घेतली, मुलीचं लग्न केलं, गाडी गेली.
घरावरचे दोन मजले विनापरवाना आहेत, तुम्हाला माहीत आहे.
म्हणून सभेत मी मागच्या खुर्चीवर बसतो
आणि हात अर्धाच वर करतो.)

तिसरं. समोरच्या टॉवरची तक्रार आहे
की आमच्या गच्चीवरच्या सुकटीचा वास बाराव्या मजल्यापर्यंत जातो.
जात असेल.
त्यांच्या जनरेटरचा धूर आमच्या पापडांवर बसतो,
तो आम्ही झटकून खातो.

दुसऱ्या मजल्यावर भाड्याने शीजा राहते, नर्स आहे, केरळची.
तिने गावाहून आणलेलं काळं आंबट दिलं, धुरावर वाळवलेलं,
मी ते चिंचेऐवजी कालवणात टाकून पाहिलं.
खरं सांगू का,
आमच्यापेक्षा चांगलं झालं.
हे गावकीत बोललेलो नाही, वहिनीला तर नाहीच.
इथे लिहितो, कारण इथलं कुणी वाचत नाही.

तर मागणी अशी :
हिरवा पट्टा खोडा, किंवा ठेवा आणि त्यावर नीट नाव लिहा.
पाऊलवाटेला फरशी घालू नका,
ओल्या पायांनी फरशीवर आमची म्हातारी माणसं पडतात.
बाकड्यांवर नगरसेवकाचं नाव नको,
बसताना ते पाठीला टोचतं.

सोबत : सातबाऱ्याची झेरॉक्स, वीजबिल,
आणि पोहोच द्यायला एक जादा प्रत.
कागदाला सोड्यांचा वास येईल.
फाईल पंख्याखाली ठेवू नका.
तोही पुरावाच आहे.