काढू नये

सूरच्या खाडीमागे, जिथे लाकडी गलबतं अजून
दुरुस्तीला वाळूवर चढतात,
मोइदूकुट्टीचं दोन शटरचं दुकान.
एक शटर गंजून कायमचं बंद,
दुसऱ्यात तो.

"मेलं," एवढंच म्हणाला फोनवर.
मी मस्कतहून दोनशे किलोमीटर आलो,
मयताला निघतात तसा, काही न खाता.

मेलं नव्हतं.
काउंटरखाली तांदळाच्या पोत्याला टेकून
पिवळ्या दातांच्या रंगाचं ते धूड
बटण दाबलं की ओरडत होतं:
एक लांब, दोन आखूड.
पडद्यावर काळोख.
ही भाषा मला येते. हल्ली ती बोलणारे फार उरले नाहीत.

"नवीन घे," मी म्हटलं, धंद्याचा धर्म म्हणून.
"नव्यात हे येईल?"
हे म्हणजे उधारी. सहाशे चौदा खाती,
बैशांपर्यंत, दशांशापुढे तीन घरं:
कुणी मासळीवाला सलीम ४.२५०,
कुणी 'निळी गाडी' १.१००, नाव नाही,
कुणी केव्हाच आपापल्या देशी गेलेले,
कुणी त्याहून लांब.
"देणार थोडेच आहेत," तो म्हणाला, "पण खोडणारा मी कोण?"

झाकण काढलं. आत धूळ नव्हती.
तेव्हाच मला संशय आला.
"मागच्या आठवड्यात भाच्याने साफ केलं," मोइदूकुट्टी कौतुकाने.
आणि पत्र्याच्या आतल्या अंगाला, निळ्या मार्करने,
देवनागरीत:
कार्डाखालचा कागद काढू नये.
खाली १४/३/२००३. सही नाही.

मी उकिडवा बसलो होतो, तसाच राहिलो.
फुले तोडू नयेत. वाचनालयात बोलू नये.
जिन्यात थुंकू नये.
कुणाचं नाव न घेता सगळ्या गावाला दटावणारं
ते आमच्याकडचं 'नये'
इथे, एका खोक्याच्या पोटात, अंधारात, वीस वर्षं.
वाचणारा येईलच याची काय खात्री होती त्याला?

"कोण होता?"
मोइदूकुट्टीने आठवून पाहिलं. "बारीक होता.
चहात साखर नको म्हणाला. पैसे कमी घेतले."
एवढ्यावरून माणूस सापडत नाही.

भाच्याला हाक मारली. त्याने तो कचरा म्हणून फेकला होता.
"घडी घातलेला. अशीच अक्षरं होती त्यावर."
"छापलेली की हाताची?"
त्याने खांदे उडवले आणि पाण्याचे कॅन उतरवायला गेला.

मग खजुराच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, तीन घड्या,
कार्डाखाली सरकवला.
एक आखूड शिटी. हिरवी अक्षरं.
आणि तारीख: १ जानेवारी १९९८.
पुढची बिलं निघालेली असताना
मागच्या तारखेला बिल फाडणार नाही, यंत्र हटून बसलं.
घड्याळाचा सेल संपलेला.
"तो आता कुठे मिळायचा," मोइदूकुट्टी खचला,
आणि त्याच्या डोक्यामागे, खिळ्याला,
नेलकटर आणि रबरबँडच्या मध्ये
सेलांची पट्टी लोंबत होती.
गाड्यांच्या चाव्यांसाठी विकतो तो. चारशे बैसा.

पहिलं बिल त्याचंच निघालं, माझ्या नावावर.
प्रिंटर करवतला.
गल्ला सुटायच्या आधी मोइदूकुट्टीने पोट आत घेतलं,
न बघता, इतक्या वर्षांच्या सवयीने,
आणि गल्ला त्याच्या बनियनला न शिवता थांबला.

झाकण लावण्याआधी मार्कर मागून घेतला.
त्याच्या ओळीखाली लिहिलं: कागद बदलला आहे.
आणखी काही सुचेना. तारीख घातली.

स्क्रूची भोकं चार.
उघडताना मला तीनच मिळाले होते.
तीनच लावले.