चार्ज

तीन वर्षं भरली. एकतीस मेला
जेटीवरच्या या खुर्चीतून मी उठायचं.
चौथं वर्ष कुणालाच नाही, माणूस कितीही चांगला असो.
रुजू होताना वाचलं तेव्हा बरं वाटलं होतं,
म्हटलं, चला, सुटकेची तारीख तरी ठरली.

आता समोर ऋता जांभारकर, हातात यादी.
मी सांगतो, ती खूण करते.
जाकिटं बावन्न, पैकी सहा उसवलेली.
दोर दोन, चाळीस-चाळीस मीटर.
भोंगा एक. दुर्बीण एक, डावा डोळा धूसर.
फलक एक: 'प्रवासी चोवीस', चोवीसातला चार गंजलेला.

यादीत नाही ते असं:
खाडीच्या तोंडाशी पुळणीचा एक दात आहे,
प्रत्येक उधाणाला दक्षिणेकडे सरकतो.
अष्टमीच्या भांगाला पाणी निजलेलं दिसतं,
निजलेलं नसतं.
गनी होडेकरचं इंजिन बंद पडण्याआधी खोकतं,
तीनदा. तिसऱ्यानंतर दोर हातात हवा.
ती हे वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेते
आणि विचारते, एवढं सगळं ठाऊक असताना
तुम्हीच का राहत नाही सर?

गावानं तसा अर्जही दिलाय वर.
सत्तर सह्या, नऊ अंगठे.
'सायब आता आमचाच मानूस.'

तिथंच तर.

माझ्याआधी शेवडे होते, अकरा वर्षं.
पाणी त्यांना माझ्याहून जास्त कळायचं.
बारशाचं पहिलं बोलावणं त्यांना, हळदीचं त्यांना,
सुरमईचा मधला तुकडा त्यांना.
शिमग्याला पालखी बघायला निघालेल्या होडीत
एक्केचाळीस बसले, सगळे नावानिशी ओळखीचे.
ओळखीच्या माणसाला उतर म्हणायचं कसं?
शेवडे म्हणाले नाहीत.
मधोमध गेल्यावर खाडी म्हणाली.

मग हा नियम आला.
ज्यानं केला त्यानं सुकतीला होडी ढकललेली नसेल कधी,
पण माणसाला ओहोटी केव्हा लागते
हे त्याला कुठूनतरी कळलं होतं.

ऋताला एक गोष्ट सांगितली नाही.
गेल्या रविवारी मी सत्तावीस मोजले.
सत्ताविसावी गनीची आई, मोतीबिंदूला निघालेली,
मला बघून हसली, म्हणजे माझ्या आवाजाकडे हसली.
मी वहीत चोवीस लिहिले.
अक्षर नेहमीसारखंच आलं, गोल, टपोरं.
रात्री तेवढंच पुन्हा पुन्हा पाहत बसलो.

सहीशिक्के झाले. चहा झाला.
माझी ट्रंक पोरांनी आधीच होडीत चढवली,
पलीकडे गुहागरची यष्टी उभी होती.
मी पाय टाकणार तेवढ्यात ती मोजत मोजत आली,
बोटानं, मोठ्यांदा, पोराबाळांसकट,
आणि माझ्यापाशी थांबली.
सर, पंचवीस. तुम्ही पुढच्या खेपेला.

होडीतून कुणीतरी ओरडलं, अगो, सायब हाय तो!
ती फलकाकडे बघत राहिली, गंजलेल्या चारकडे.
मी पाय मागे घेतला.

ट्रंक गेली. मी दोर बांधायच्या खुंट्यावर बसलो,
भरती पायऱ्या एकेक करून गिळत होती.
मधोमध गनीचं इंजिन खोकलं.
मग पुन्हा एकदा.
मी उठायच्या आत वळून पाहिलं,
ऋता उभी होती, दोराचं वेटोळं खांद्यावर,
कान तिकडे.