दार ज्या देशात उघडतं

आमच्या गावात सीमा फरसबंदीवरून चालते,
पांढऱ्या फुल्यांची ओळ,
इकडे हॉलंड, तिकडे बेल्जियम.
बेकरीच्या भट्टीतून जाते, कुणाच्या पलंगाखालून जाते,
आणि माझ्या गल्ल्यापासून दीड मीटरवर अचानक वळते,
काहीतरी घरी विसरल्यासारखी.
घर कुणाचं, हे इथं दार सांगतं.
उंबरठा ज्या देशात, घर त्या देशाचं.
माझा उंबरठा हॉलंडचा.

ब्रसेल्सहून आलं ते दोघांना सारखंच आलं:
बाटली दहा मिलिलिटरची, थेंबभर जास्त नाही,
टाकी दोनची,
निकोटिन विसाच्या आत,
खोक्याच्या अंगावर काळ्या अक्षरांत ताकीद
आणि पोटात घडीचं पत्रक,
एकदा उलगडलं की पुन्हा तसं मिटत नाही.
मोठ्या बाटल्या मी परत पाठवल्या, तेव्हा नेलिस म्हणाला,
"माझ्या आईचं डोळ्यांचं औषध
याहून मोठ्या बाटलीत यायचं."

पण पीठ ब्रसेल्सचं, मीठ ज्याचं त्याचं.
हेगनं चवी काढून घेतल्या.
वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी
मी फळी रिकामी केली. पुदिना, व्हॅनिला,
कलिंगड, नाशपाती.
राहिला फक्त तंबाखू,
म्हणजे जिच्यापासून पळायचं तीच चव.

नेलिसनं उभा जन्म रस्त्यांवर डांबर ओतलं,
सिगारेट हातानं वळली, चाळीस वर्षं,
आणि मग नाशपातीनं सोडवली.
डॉक्टरनं नाही, बायकोनं नाही, नाशपातीनं.
मी म्हटलं, तंबाखूच्या चवीचं घेऊन बघ.
तो म्हणाला, "जिला सोडून आलो
तिच्या बहिणीशी लग्न लावतेस?"

आता तो एकेचाळीस पावलं चालतो,
फुल्या ओलांडतो, गोडेलीव्हच्या दुकानात जातो.
तिच्याकडे नाशपाती आहे, पण खणात.
विकायची, दाखवायची नाही.
वापरून फेकायच्या त्या रंगीत कांड्या
तिच्या देशानं आधीच बंद केल्यात.
सांगायचं तर तीही सुखात नाही.

माझे सासरे सांगायचे,
कर वाढला की लोक दार हलवायचे.
मी गवंड्याला बोलावलं.
त्यानं भिंत ठोकून पाहिली, कान लावला,
दीड मीटरचा भाव कागदावर लिहिला.

त्याच आठवड्यात बहिणीच्या फेनाच्या मोज्यात
एक गुलाबी कांडी सापडली.
कुठल्या देशाची, तिला ठाऊक नव्हतं,
शाळेमागे कुणीतरी दिली.
फेना चौदाची आहे. म्हणाली,
"मी ओढत नाही मावशी, ते नुसतं कलिंगड आहे."
तिच्या केसांना येणारा वास
मी ओळखला. तीन वर्षं माझ्या फळीवर
तोच तर सर्वांत आधी संपायचा.

गवंड्याचा कागद अजून गल्ल्याखाली आहे.
फाडला नाही. फोनही केला नाही.

आणि गोडेलीव्ह सोमवारी बंद असते.
नेलिस बाटल्या मोजून ठेवत नाही,
तो काही मोजणाऱ्यातला नाही.
सोमवारी तो माझ्या बाकावर बसून सिगारेट वळतो,
तर्जनी आणि अंगठा काही विसरलेले नाहीत.
माझ्याकडे बघत नाही.

काल मात्र मंगळवार होता,
त्याच्या खिशात नवं खोकं.
चष्मा घरी. फेना शाळेतून येत होती,
तिच्या हातात पत्रक दिलं, "वाच गं पोरी,
दहा वर्षांत एकदाही वाचलेलं नाही."
तिनं वाचलं, आधी डच, मग उगाच फ्रेंच,
उच्चार वाकडे करत, हसत.
"तरुणांसाठी योग्य नाही," इथं आली
आणि थांबली.
नेलिस म्हणाला, "पुढे?"

ती पुढे वाचत गेली.
बाकाचे दोन पाय हॉलंडात, दोन बेल्जियममध्ये,
वारा कुठून येत होता कुणास ठाऊक.
शेवटी दोघंही बराच वेळ
त्या कागदाची घडी घालत बसले होते.