ड्रायर थांबेपर्यंत

बस, ब्रिएन. यारेद, त्या टोपलीवर नको, मोडकी आहे ती.
ड्रायरला अजून बेचाळीस मिनिटं,
विनिपेगमध्ये आज उणे एकतीस,
जाणार कुठे आहात?
दाखवा ती फाइल.

अगं, हे सगळे लग्नाचेच फोटो!
लग्न कुणीही एका दिवसात उरकतं.
साहेबाला त्यानंतरचा मंगळवार हवा असतो.
गोंदरला तुला ताप भरला होता ना,
आणि याच्या आईनं कपाळावर ओलं फडकं धरलं होतं,
तो धूसर फोटो लाव, मागे तारीख घालून.
औषधांची पावती आहे? तीही.
विमानाच्या तिकिटाचं अर्धुक,
पाठवलेल्या पैशांची पोच,
रात्री दोनला झालेल्या भांडणाचे मेसेजसुद्धा.
खोटं लग्न इतकं मन लावून भांडत नाही.

आणि हे काय?
या दाखल्याप्रमाणे तुमची ओळख व्हायच्या
सहा वर्षं आधीच तुमचं लग्न लागलंय!
हसू नकोस, यारेद.
तुमचं पंचांग सात-आठ वर्षं मागून चालतं
हे तुला ठाऊक, तुझ्या पाद्रीबाबांना ठाऊक,
टेबलामागच्या माणसाला ठाऊक असेलच असं नाही.
अधिकृत भाषांतर जोड,
वर चार ओळींचं पत्र: दोन पंचांगं आहेत,
आणि वडिलांचं नाव हेच आमच्यात आडनाव.
आधी सांगितलं तर तो खुलासा,
विचारल्यावर सांगितलं की सबब.

माझं ऐका, पण माझ्यावर विसंबू नका.
नियम बदलतात, मी धुलाईघर चालवते.
परवाना असलेल्या वकिलाला तासाभराचे पैसे द्या,
आणि जो 'शंभर टक्के काम करून देतो' म्हणेल
त्याच्या दारातून उलट्या पावली परत या.

मुलाखतीला बोलावलंच तर विचारतील,
पलंगाची कुठली बाजू कुणाची?
नसेल आठवत, तर 'आठवत नाही' म्हणा.
रात्रभर पाठांतर केलेल्यांची उत्तरं
जुळ्या भावांसारखी दिसतात.

माझी फाइल?
नमुनेदार होती. सासू, केक, सगळ्यांचे दात दिसताहेत.
शिक्का पटकन बसला.
घरी आल्यावर वॉल्टरनं माझा पासपोर्ट
अवजारांच्या पेटीत ठेवला, कुलूप घातलं.
'तू हरवून बसशील, लिगाया.'
त्या पेटीसाठी अर्जात रकाना नव्हता.

म्हणून हे तुझ्यासाठी, ब्रिएन,
गोड लागणार नाही.
याचा पासपोर्ट याच्या खिशात.
बँकेत खातं याच्या नावाचं, वीस डॉलर का असेना.
कामाची परवानगी येईपर्यंत हा दिवसभर
खिडकीशी तुझी वाट बघत बसेल,
डाळीत मीठ दोनदा घालेल,
तुझ्या लोकांच्या विनोदांना उशिरा हसेल.
तेव्हा एक वाक्य कधी काढायचं नाही:
'मी आणलं तुला इथे.'
जिभेवर आलंच तर अंगणात जा, कोटाशिवाय,
गार होऊन ये.

दुसऱ्या वेळी माझं लग्न खरं होतं.
त्याला नकार आला.
पुरावा अपुरा, म्हणाले.
आम्ही दोघं फोटोला लाजायचो,
आणि फोनवर बोलणं काय व्हायचं?
जेवलास का, पाऊस आहे का, ठेवते.
पुन्हा अर्ज, पुन्हा फी, चौदा महिने.
शेवटी त्याच्या बहिणीनं फोनची बिलं धुंडाळली:
रोज रात्री नऊ वाजता, सहा मिनिटं,
एकही दिवस न चुकता.

तो बघ, चार नंबरचं मशीन उघडून बसलाय.
एदगार्दो! पलंगाची कुठली बाजू तुझी?
...
बघितलंत?
बारा वर्षं झाली, अजून हातांनी खुणा करून
दार कुठे, खिडकी कुठे, ते आठवतोय.

झालं तुमचं.
चादर जपून काढ, तिचं बटण तापलेलं असतं.