धावदोरा

विट्याच्या स्टँडमागं शमशादबी वाकळा शिवते.
तिच्यापुढं पिशवी ओतली:
कंडक्टरकीचे दोन खाकी शर्ट,
सुनेच्या नव्या ब्लाउजच्या चिंध्या, एक विटका पंचा.
"कात्री राहू द्या. धुऊन आणा आधी,
नवं कापड मागनं आटतं, जुन्याला ओढतं."

जुनं लुगडं अंथरून
कडेकडेनं धावदोरा घालत आत यायचं.
माझा टाका मायणी रस्त्यासारखा,
दर हाताला खड्डा.
ती उसवत नाही.
"अंधारात पांघरायचं, कोण बघतंय?"

खाकी खिसा तसाच ठेवलाय.
सुई आत अडली:
आठ आण्याचं नाणं,
कुण्या उतारूचं, द्यायचं राहिलेलं.
शमशादबीनं हातात घेऊन वजन बघितलं,
परत आत सरकवलं.
खिशाच्या तोंडावर मी बारीक टाके घातले,
आजचे पहिले सरळ.