तीन पदर

टॅन्सली आले तेव्हा मी दोऱ्याला मेण घासत होते.
मोहरकी त्यांनी बेकरीच्या कागदी पिशवीतून आणलेली,
पिशवीच्या तळाशी अजून साखरेचे कण.
बसा म्हटलं, बसले नाहीत.

"टाका तुझाच ना?"

माझाच.
इंचाला आठ, उजवीकडे किंचित कललेले,
माझ्या अक्षरासारखे.
वॉल्सॉलमध्ये हे लपत नाही,
इथल्या बायका खोगीर उलटं करून सांगतात
शिवणारीचा खांदा त्या आठवड्यात दुखत होता का.

गालावरच्या वादीचा दोरा तुटलेला.
चामडं मात्र जसंच्या तसं,
एक भोकसुद्धा फाटलेलं नाही.
परीक्षेत असता तर या तुटण्याला
पैकीच्या पैकी मिळाले असते.

पाच नोव्हेंबरची रात्र. पलीकडच्या कुरणात
कुणीतरी दारूकाम उडवलं.
घोडी खांबाला बांधलेली.
एक हिसका, दुसरा,
तिसऱ्याला टाका उसवला
आणि ती सुटली, थेट लिचफिल्डच्या रस्त्यावर.
विटांचा ट्रक होता, एवढंच ते म्हणाले.

"तिचं शिंगरू आहे. पुढच्या वर्षी हीच मोहरकी बसेल त्याला.
न तुटणारा दोरा घाल."

मी खण ओढला.
पॉलिएस्टर पांढरं, तुळतुळीत;
घामानं कुजत नाही, मुतानं कुजत नाही,
टोकाला काडी लावली की वितळून मणी होतो, गाठही नको.
फक्त दहा-बारा वर्षांत चामडंच कापत जातं,
तारेनं चीज कापावं तसं, घाई न करता.
शेजारी लिनन, तीन पदरी,
गवताच्या वासाचं, जरा खरखरीत,
मेणातून ओढलं की बारीक कुईं करणारं.

मिस पिचफर्ड म्हणायच्या,
दोरा चामड्याहून एक बोट हलका ठेव.
तुटायचंच असेल तर स्वस्तातलं तुटू दे.
सतराव्या वर्षी ऐकलं,
सव्वीस वर्षं त्याच वाक्यानं शिवत आले.
खंदकात अडकलेली जनावरं वाचली त्या वाक्यानं,
एकाची तर मानच वाचली.
टाका बरोबर तुटला, टॅन्सली,
हे तोंडात आलं, घोळवलं,
आणि मेणाच्या वासासकट गिळलं.

बोलण्याऐवजी दोन्ही दोरे हातभर कापून दिले.
ओढून बघा.

त्यांनी हातमोजे काढले.
पॉलिएस्टर दोन्ही मुठींना गुंडाळून ओढलं,
मान ताठ होईपर्यंत.
तुटलं नाही. तळव्यावर पांढरी रेघ उठली,
हळूहळू लाल झाली.
मग लिनन.
पहिल्या हिसक्याला नाही.
दुसऱ्याला नाही.
मग तट्‌.

टोकं खिडकीशी धरून बघत राहिले.
तीन पदर तीन ठिकाणी तुटलेले,
एक लांब, एक आखूड, एक मधेच विस्कटलेला.
बाहेर कालव्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं,
खूप वेळ, विनाकारण.

"एवढं ओढलं असेल तिनं," ते म्हणाले.
मला वाटलं विचारतायत.
मग कळलं, विचारत नव्हते.

"चार पदरी मिळतो का?"

मिळतो. पण जुन्या भोकांत जाणार नाही,
आरीनं प्रत्येक भोक जरा मोठं करावं लागेल.

"कर."

शुक्रवारी या म्हटलं.
पिशवीची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली,
मोजे मात्र टेबलावर विसरले.

लाकडी चिमटा गुडघ्यांत धरला, वादी त्यात बसवली,
शिवणीच्या चौपट दोरा मोजला, वर एक वीत.
दोन्ही टोकांना सुया.
जुने टाके काढायला घेतले:
मेण काळं पडलेलं, आणि त्यात, प्रत्येक टाक्याखाली,
तिचे तांबूस केस.
सात टाके साफ केले.
आठव्याला सुरी बाजूला ठेवली.