कार्बन प्रत

युनिटचा इतिहास दर महिन्याच्या पाच तारखेला,
चार प्रतींत, समास सोडून,
असा हुकूम होता. आणि तो लिहायचा कोणी,
तर ज्याला टाइप करता येतं त्यानं.
म्हणून माझा बाप इतिहासकार झाला,
एमेट व्हॉस्कल, वय बावीस,
आयोवातल्या एका धान्यकोठाराचा हिशेबनीस.

इटली. चव्वेचाळीसचा फेब्रुवारी.
चारशे खाटांचं इस्पितळ, सगळं कापडाचं.
तंबूंच्या रांगा, मधून फळ्यांची वाट,
फळ्यांखाली घोटाभर चिखल
आणि चिखलाखाली कुणाचा तरी द्राक्षमळा.

दाखल : एक हजार एकशे बेचाळीस.
शस्त्रक्रिया : सहाशे सात.
खंदकातल्या पाण्यानं सडलेले पाय : दोनशे अठरा.
(माणसांगणिक मोजायचे की पायांगणिक,
हे त्यानं मेजरला विचारलं होतं.
माणसांगणिक, मेजर म्हणाला.
मग जरा थांबून : पाय आपण वेगळे पुरतो.)
मृत : एकतीस.
मनोधैर्य : उत्तम.

हे शेवटचं आधीच छापलेलं असायचं का,
मी एकदा विचारलं.
नाही, म्हणाला, पण बोटांना वळण पडलं होतं.

स्वच्छ प्रत वॉशिंग्टनला गेली.
मी ती पाहून आले, पेन्सिलच न्यावी लागते आत.
एकही खाडाखोड नाही.
पण तळघरात, मक्याच्या बियाण्याच्या खोक्यात,
पहिल्या खर्ड्याची कार्बन प्रत निघाली.
कांद्याच्या पापुद्र्यासारखा कागद, निळी फिसकटलेली अक्षरं,
आणि कॅप्टन रिजलीची लाल पेन्सिल.

लाल रेघेखाली :
'चादरी असुंता नावाच्या बाईने धुतल्या, ओढ्यावर.
साबण आपला, हात तिचे.
ती विचारते की रक्त थंड पाण्यात निघते
हे तुमच्या एवढ्या मोठ्या सैन्यात
कुणाच्या आईने सांगितले नव्हते का.'
समासात कॅप्टनचं अक्षर : अनावश्यक.
स्वच्छ प्रतीत : स्थानिक मजूर, चौदा.

मी सायकलवरून पडले होते, सहा वर्षांची असेन,
आई चुलीवर पाणी ठेवायला निघाली
तर हा ओरडला, आयुष्यात एकदाच : थंड! थंड पाणी!
आणि माझा फ्रॉक घेऊन
अंगणातल्या पंपाखाली उकिडवा बसला.

आणखी एक ओळ. स्वच्छ प्रतीत, पान चार :
'साहित्याचे नुकसान : इनॅमलची घमेली, नऊ.'
एवढंच.
मी ती ओळ वॉशिंग्टनमध्ये वाचून पुढे गेले होते.

कार्बनवर तिच्याआधी सात ओळी आहेत.
दहा तारखेच्या रात्री तोफगोळे आले.
चार नंबरच्या तंबूत ज्यांना हलवता येत नव्हतं
अशांच्या तोंडांवर लेफ्टनंट नोव्हॉट्नीनं
तोंड धुवायची घमेली पालथी घातली,
नऊ होती, रुग्ण एकोणीस.
कुणाला घालायचं ते तिनं कसं ठरवलं
हे लिहिलेलं नाही.
'आठ घमेल्यांना पोचे. एकाला भोक.
त्याखाली होता'
आणि मग फुल्या.

लाल पेन्सिल इथे पोचलीच नाही.
या फुल्या टाइप केलेल्या आहेत,
एकेका अक्षरावर एकेक, जोरात,
इतक्या की कागदाला छिद्रं पडलीत.
त्यानंच नाव लिहिलं, त्यानंच मागे येऊन
फुल्या मारल्या.
अकरा. मधे एक जागा मोकळी.
पाच, आणि सहा.

मी तो कागद स्वयंपाकघराच्या खिडकीला लावून धरते.
बाहेर एल्डरिंकांचा ट्रॅक्टर बर्फ ढकलतोय.
पाचांतलं दुसरं अक्षर बहुतेक ओ,
किंवा भोकच आहे ते, प्रकाश येतोय एवढंच.
घरात आम्ही कुणी शेंगा निवडायला इनॅमलचं घमेलं काढलं
की तो ते आधी उचलायचा,
बोटाच्या पेरानं तळाला टकटक करायचा,
आणि परत द्यायचा.
आम्हाला वाटायचं, विकत घेताना करतात तशी
साधी पारख.